गोट अँटी-माऊस ४८८: व्हायलवरची बारीक अक्षरं आणि माझे दोन महिने

गोट अँटी-माऊस आयजीजी, अलेक्सा फ्लुअर ४८८, हायली क्रॉस-ॲडसॉर्ब्ड. ही एक सेकंडरी अँटिबॉडी: सेलमधलं प्रोटीन शोधणारी पहिली अँटिबॉडी म्हणजे प्रायमरी, आणि तिला जाऊन चिकटणारी, शेळीत बनवलेली, हिरवा चमकणारा रंग लावलेली ही सेकंडरी (आयजीजी हा अँटिबॉडीचाच एक प्रकार). नावातले शेवटचे शब्द नीट वाचा, कारण मला जे सांगायचंय ते सगळं तिथेच आहे. रंग चांगला असतो, ब्राइट असतो, हे सगळ्यांना माहितीये. पण सेकंडरीचे पैसे खरं तर रंगाचे नसतातच, त्या बाटलीतून काय काय काढून टाकलंय त्याचे असतात, आणि हे मला कळायला पीएचडीचे दोन महिने गेले.

मी पुण्यात पीएचडी करते, सेल बायोलॉजी, काम सेंट्रोसोमवर, म्हणजे न्यूक्लियसजवळच्या त्या छोट्या केंद्रावर जिथून मायक्रोट्युब्यूल्स (सेलच्या सांगाड्यातल्या बारीक नळ्या) निघतात. रोजचं स्टेनिंग म्हणजे हेला सेल्स (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या सेल्स), उणे वीसच्या थंड मिथेनॉलमध्ये फिक्स करायच्या, मग गॅमा ट्युब्युलिनला (सेंट्रोसोममधलं प्रोटीन) माऊस अँटिबॉडी आणि मायक्रोट्युब्यूल्सना रॅट अँटिबॉडी. माऊसवाली जीटीयू-८८, रॅटवाली वायएल १/२, दोन्ही क्लोन जुने आणि खात्रीचे, मिथेनॉलमध्ये दोन्ही छान चालतात. मग माऊसवर हिरवी सेकंडरी, रॅटवर लाल. चित्र काय दिसायला पाहिजे ते पाठ असतं, लाल जाळं सगळ्या सेलभर आणि न्यूक्लियसच्या शेजारी हिरवे दोन ठिपके, बास. सेल डिव्हाइड होत असेल तर दोन टोकांना दोन हिरवे गोळे आणि स्पिंडलवर, म्हणजे त्या दोन टोकांमधल्या मायक्रोट्युब्यूल्सवर, थोडंसं फिकट हिरवं.

आमची नेहमीची अँटी-माऊस संपली आणि ग्रँटचं वर्षही संपत आलेलं, त्यामुळे पर्चेसमधून जे कोटेशन सगळ्यात खालचं होतं ती बाटली आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण लेबलवर त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं, आम्हीच वाचलं नाही. बाटलीवर क्रॉस-ॲडसॉर्ब्ड असं लिहिलेलं होतं, म्हणजे दुसऱ्या प्राण्यांच्या अँटिबॉडीजना चिकटणारा भाग काढून टाकलेली. कशाच्या विरुद्ध ॲडसॉर्ब केलंय ते मात्र डेटाशीटच्या दुसऱ्या पानावर होतं, आणि तिथे फक्त ह्यूमन होतं.

पहिल्याच स्टेनिंगला हिरव्या चॅनलमध्ये ठिपके तर दिसलेच पण त्यासोबत बारीक बारीक हिरव्या रेषा, मायक्रोट्युब्यूल्सच्या बरोब्बर वरून जाणाऱ्या. आता इथे एक गोष्ट समजून घ्या, हे अगदीच अशक्य चित्र नव्हतं. गॅमा ट्युब्युलिन स्पिंडलच्या मायक्रोट्युब्यूल्सवर जातं हे माहिती असलेलं आहे, त्यामुळे आम्हाला वाटलं की इंटरफेजमध्ये (सेल डिव्हाइड होत नसताना) पण काहीतरी घडतंय. आणि त्याहून वाईट म्हणजे आम्ही जे प्रोटीन कमी करत होतो ते कमी केलं की हिरव्या रेषा वाढायच्या! तीनदा रिपीट केलं, तिन्ही वेळा तेच. इमेजजे सॉफ्टवेअरमध्ये मोजलं, ग्राफ काढला, सरांना दाखवला, सर खूश, ग्रुप मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं त्यावरच चर्चा. नंतर लक्षात आलं की त्या प्रोटीनमुळे मायक्रोट्युब्यूल्सच दाट होत होते, हिरवं फक्त त्यांच्या मागे मागे जात होतं.

कंट्रोल नव्हता का? होता ना. सेकंडरी-ओन्ली कंट्रोल प्रत्येक वेळी ठेवला होता, म्हणजे प्रायमरी काहीच नाही, नुसती सेकंडरी, आणि ती कव्हरस्लिप (सेल्स लावलेली पातळ काच) काळी कुट्ट यायची. म्हणून तर आम्ही निर्धास्त होतो. पण विचार करा, जिथे रॅट अँटिबॉडी घातलीच नाहीये तिथे अँटी-माऊस सेकंडरी रॅटला चिकटतेय का हे कळणार कसं? तो कंट्रोल त्या प्रश्नाचं उत्तरच देत नाही. हे मला कोणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून इथे एवढं फोड करून लिहितेय.

पकडलं आमच्या ज्युनियरने. कॉन्फोकल मायक्रोस्कोपचा रात्रीचा स्लॉट होता, ती शेजारी बसली होती शिकायला, आणि मला म्हणाली, "ताई, हिरव्यामध्ये आणि लालमध्ये अगदी सेम रेषा आहेत, तुटलेल्या जागा पण सेम आहेत, हे दोन वेगळे प्रोटीन आहेत ना?" मी आधी ब्लीड-थ्रू, म्हणजे एका रंगाचा प्रकाश दुसऱ्या चॅनलमध्ये गळतोय, म्हणून उत्तर दिलं. पण लाल डायसाठीचा ५६१ चा लेझर बंद करून फक्त ४८८ ने स्कॅन केलं तरी हिरव्या रेषा जशाच्या तशा. आणि तसंही लाल डाय हिरव्याकडे गळत नाही, हिरव्याची शेपूट लालमध्ये जाते, उलटं होत नाही. म्हणजे हिरवा डाय खरोखरच तिथे जाऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी चार कव्हरस्लिप्स केल्या. एकीवर माऊस प्रायमरी आणि अँटी-माऊस, दुसरीवर रॅट प्रायमरी आणि अँटी-रॅट, तिसरीवर फक्त रॅट प्रायमरी आणि अँटी-माऊस, चौथीवर फक्त माऊस प्रायमरी आणि अँटी-रॅट. पेट्री डिशमध्ये ओला टिश्यू, त्यावर पॅराफिल्म, पॅराफिल्मवर पन्नास मायक्रोलिटरचा थेंब आणि त्यावर कव्हरस्लिप पालथी, तासभर अंधारात, मग पाच पाच मिनिटांचे तीन वॉश. तिसरी कव्हरस्लिप आयपीसला लावली आणि लेझरची गरजच पडली नाही, नुसत्या डोळ्यांनी संपूर्ण हिरवं जाळं दिसलं. माऊस अँटिबॉडीचा एक थेंबही नव्हता तिथे. दोन महिन्यांचे फोल्डर होते कॉम्प्युटरवर, तारखेप्रमाणे लावलेले, मी तिथेच बसून राहिले काही वेळ.

असं का होतं ते सांगते. बोकडाला किंवा शेळीला माऊसचं आयजीजी टोचतात, तिच्या रक्तात त्याविरुद्ध अँटिबॉडीज तयार होतात. त्या काही एका प्रकारच्या नसतात, आयजीजीच्या अंगावरच्या शेकडो जागांविरुद्धच्या असतात सगळ्या मिसळून. माऊस आणि रॅट हे इतके जवळचे नातेवाईक आहेत की त्यांच्या आयजीजीवर बऱ्याच जागा सारख्याच असतात, म्हणून शेळीच्या त्या मिश्रणातल्या बऱ्याच अँटिबॉडीज दोघांनाही चिकटतात. मग चांगली कंपनी काय करते, तर माऊसच्या आयजीजीवर शुद्ध केल्यानंतर तेच मिश्रण रॅट, रॅबिट, ह्यूमन, बोव्हाईन (गाय) अशा आयजीजी लावलेल्या कॉलम्समधून जाऊ देते. जे चिकटलं ते कॉलमवर राहिलं, जे खाली आलं ते फक्त माऊस ओळखणारं. यात बराच माल वाया जातो, आणि म्हणूनच ती महाग असते. आपण पैसे देतो ते त्या कॉलमवर राहून गेलेल्या मालाचे.

आता जी बाटली नंतर घेतली तिच्याबद्दल. इन्व्हिट्रोजेनची ए-११०२९, म्हणजे आता थर्मो फिशर. ॲडसॉर्प्शनच्या यादीत बोव्हाईन, गोट, रॅबिट, रॅट, ह्यूमन हे सगळे आयजीजी आहेत. आणि इथेच लोक फसतात बघा, याच घरातली ए-११००१ पण आहे, ती पण गोट अँटी-माऊस ४८८, ती पण क्रॉस-ॲडसॉर्ब्ड, पण ती ह्यूमनविरुद्ध. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच आहेत, ह्यूमन सेल्समध्ये एकच माऊस प्रायमरी लावायची असेल तर ए-११००१ अगदी छान. पण शेजारी रॅट प्रायमरी असेल तर ती घेऊन उपयोग नाही, "हायली" हा शब्द बघायचा आणि त्याच्याखालची यादी वाचायची. इंडेंट भरताना नुसतं "अँटी-माऊस ४८८" लिहिलं की जे स्वस्त ते येणार, त्यामुळे कॅटलॉग नंबर लिहाच.

नवीन बाटली आल्यावर पुन्हा त्याच चार कव्हरस्लिप्स. तिसरी काळी. सेटिंग्ज तीच, लेझर तोच, गेन तोच, आणि तिसरी काळी! मग पूर्ण स्टेनिंग केलं तेव्हा न्यूक्लियसच्या कुशीत दोन हिरवे ठिपके, एकमेकांना लागून, आणि बाकी सगळीकडे फक्त लाल जाळं. ज्युनियर म्हणाली, "ताई, आता पुस्तकातल्यासारखं दिसतंय." सरांना सगळं सांगितलं, ते एवढंच म्हणाले की बरं झालं रिव्ह्यूअरच्या आधी आपणच पकडलं, आणि आता लॅबमध्ये कुठलीही नवीन सेकंडरी आली की ही चार कव्हरस्लिपची टेस्ट झाल्याशिवाय ती कोणाला वापरू देत नाहीत.

डायबद्दल थोडं. अलेक्सा ४८८ पीकला साधारण ४९५ नॅनोमीटरला प्रकाश घेतो आणि ५१९ च्या आसपास सोडतो, म्हणजे फिटसी या जुन्या हिरव्या डायच्या जागीच बसतो, फिल्टर बदलायची गरज नाही. फिटसी अजूनही मिळते आणि स्वस्त आहे, पण ती फार पटकन ब्लीच होते (प्रकाशात विझते), आणि पीएच थोडा खाली गेला की मंद होते. अलेक्सा ४८८ ला पीएच चार ते दहामध्ये काही फरक पडत नाही. झेड-स्टॅक (खालपासून वरपर्यंत थराथराचे फोटो) घ्यायचा असेल, तीस-चाळीस स्लाइसेस, तर फिटसी शेवटच्या स्लाइसपर्यंत टिकत नाही. हे डाय अमेरिकेत ओरेगनमधल्या मॉलेक्युलर प्रोब्स या कंपनीत तयार झाले, रिचर्ड आणि रोझारिया हॉगलंड या नवराबायकोने १९७५ मध्ये काढलेली कंपनी, आणि अलेक्सा हे नाव त्यांच्या मुलावरून, ॲलेक्सवरून. मला हे कळल्यापासून बाटलीवरचं नाव वाचताना दर वेळी छान वाटतं. रंग लावलेली अँटिबॉडी ही कल्पना त्याच्याही खूप आधीची, अल्बर्ट कून्सची, १९४१ सालची, आणि थॉमस वेलर आणि कून्सने १९५४ मध्ये ही सेकंडरीवाली इनडायरेक्ट पद्धत वापरून दाखवली. म्हणजे आपण रोज सकाळी जे करतो ते सत्तर वर्षं चालत आलंय.

लालसाठी आम्ही अलेक्सा ५६८ वापरतो कारण आमच्याकडे ५६१ चा लेझर आहे. तुमच्याकडे साधा मायक्रोस्कोप आणि ट्रिट्सीचा (जुन्या लाल डायचा) फिल्टर असेल तर ५५५ घ्या, टेक्सास रेडचा असेल तर ५९४. आधी मायक्रोस्कोपवर जाऊन बघा कुठले फिल्टर आहेत, मग डाय ठरवा, उलटं करू नका. ६४७ छान आहे, टिश्यूमध्ये तर फारच छान, कारण टिश्यूची स्वतःची चमक जास्त करून हिरव्या भागात असते आणि तिकडे जवळजवळ नसतेच, त्यामुळे सगळ्यात कमी असलेलं प्रोटीन तिकडे टाका. पण ते डोळ्यांना आयपीसमधून दिसत नाही हे नवीन मुलांना आधी सांगा, नाहीतर स्टेनिंग फेल गेलं समजून स्लाइड फेकून देतात, आमच्याकडे एकदा झालंय असं. आणि पानांवर काम करणाऱ्यांनी जपून, क्लोरोफिल पण त्याच बाजूला चमकतं.

दुसरी कंपनी जिच्यावर माझा भरवसा बसलाय ती जॅक्सन इम्युनोरिसर्च, पेनसिल्वेनियातली. त्यांचा मुख्य धंदाच सेकंडरीजचा आहे, त्यामुळे त्यांच्याकडे ही ॲडसॉर्प्शनची यादी नावातच असते, "मिन एक्स" असं लिहून पुढे प्राण्यांची छोटी नावं. पण तिथेही प्रत्येक मिन एक्समध्ये रॅट असतोच असं नाही, एकेक नाव वाचायचं. त्यांची एक गोष्ट आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी खास चांगली, माल वाळवलेल्या पावडरीत येतो, त्यामुळे वाटेत थर्मोकोलच्या बॉक्समधले जेल पॅक वितळले तरी जीव वरखाली होत नाही. आली की डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची, आणि जास्त दिवस ठेवायची तर तेवढंच ग्लिसरॉल घालून उणे वीसला, गोठत नाही, हवी तेव्हा काढून पिपेट करता येते. फक्त ग्लिसरॉल घातलं की ताकद अर्धी होते, तेव्हा १:५०० लावत असाल तर आता १:२५० लावा, हे बाटलीवर मार्करने लिहून ठेवा कारण तीन महिन्यांनी कोणाच्याच लक्षात राहत नाही.

डाँकीवाल्या, म्हणजे गाढवात बनवलेल्या, सेकंडरीजबद्दल एक सांगायचं राहिलं. एखादी प्रायमरी गोटमध्ये बनवलेली असेल तर गोट अँटी-रॅबिट आणि डाँकी अँटी-गोट एकत्र वापरू नका, डाँकीवाली सरळ जाऊन गोटवाल्या सेकंडरीला पकडेल. अशा वेळी सगळ्या सेकंडरीज डाँकीमधल्याच घ्यायच्या. आणि ब्लॉकिंगला (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून आधी झाकायला) गोट सीरम नको, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) आणि दूध पण नको, कारण गाय आणि शेळी जवळच्या, त्यातलं बोव्हाईन आयजीजी अँटी-गोटला आवडतं. डाँकी सीरमने ब्लॉक करा. आमच्या शेजारच्या लॅबमध्ये महिनाभर बॅकग्राउंड जात नव्हतं, वॉश वाढवून बघितले, डिटर्जंट वाढवून बघितलं, आणि शेवटी ब्लॉकिंग बदलल्यावर एका दिवसात गेलं.

जास्त ॲडसॉर्ब केलेली सेकंडरी नेहमीच चांगली असं पण नाही हं. जेवढं काढून टाकतात तेवढ्या कमी जागा ओळखणाऱ्या अँटिबॉडीज उरतात, त्यामुळे सिग्नल थोडा उतरू शकतो, एखाद्या मोनोक्लोनल (एकाच क्लोनपासूनच्या) प्रायमरीवर जास्तच. एकच प्रायमरी लावायची आणि सेल्स ह्यूमन, तर साधीच घ्या, पैसे वाचतील आणि सिग्नल पण भरपूर मिळेल. आणि पर्याय असेल तर मुळात माऊस आणि रॅट अशी जोडी टाळाच, माऊस आणि रॅबिट घ्या, किंवा चिकन मिळाली तर अजूनच लांबची. मला वायएल १/२ च हवी होती म्हणून माझ्याकडे तो रस्ता नव्हता.

ठेवायचं कसं ते सगळ्यांना माहिती असेल तरी लिहिते. लिक्विड अलेक्सावाल्या चार डिग्रीला, अंधारात, फॉइलमध्ये गुंडाळून. सारखं गोठवून वितळवलं की गुठळ्या होतात आणि मग स्लाइडवर सगळीकडे चांदण्यासारखे ठिपके, आणि ज्याचं कामच सेंट्रोसोमचे ठिपके मोजायचं आहे त्याची तर पूर्ण वाट लागते. वापरायच्या आधी थंड सेंट्रिफ्यूजमध्ये दहा मिनिटं फुल स्पीडला फिरवा आणि वरवरचं घ्या, तळाला पिपेटचं टोक लावू नका. एवढं केल्यावर माझ्या स्लाइड्सवरचे खोटे ठिपके जवळजवळ बंद झाले. अझाईड (विषारी प्रिझर्व्हेटिव्ह) असतं त्यात, त्यामुळे जिवंत सेल्सवर सरळ टाकू नका.

किंमत. हो, महाग आहे, सगळ्याच महाग आहेत, आणि डीलरकडे स्टॉक नसेल तर महिना-दीड महिना वाट बघायची तयारी ठेवा. पण हिशोब करून बघा, व्हायलमध्ये ५०० मायक्रोलिटर, दोन मिलिग्रॅम पर एमएल. १:५०० लावलं तर अडीचशे मिलिलिटर होतं, पन्नास मायक्रोलिटरचा थेंब धरला तर पाच हजार कव्हरस्लिप्स. म्हणजे एका कव्हरस्लिपमागे कँटीनच्या चहाएवढा खर्च, आणि प्रायमरी त्याच्या कितीतरी पट महाग पडते. आम्ही तर १:१००० वर आलोय आणि ठिपके तेवढेच स्वच्छ, उलट बॅकग्राउंड अजून कमी. पहिल्यांदा आणाल तेव्हा १:२५०, १:५००, १:१०००, १:२००० असं एकदा करून बघा, एक दुपार जाते फक्त.

डिलिव्हरीचं एक बघा. डीलरला स्पष्ट सांगा की शुक्रवारी पाठवू नका. आमची एक बाटली दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी आली, गेटवर रजिस्टरमध्ये सही झाली आणि बॉक्स तिथेच टेबलखाली राहिला, उघडला तो सुट्टी संपल्यावर. जेल पॅक कोमट पाण्यासारखे झाले होते. अँटिबॉडी तशी लगेच मरत नाही, आणि ती बाटली चार कव्हरस्लिपच्या टेस्टमध्ये पास पण झाली, पण तेवढे दिवस जिवाला घोर. आता आम्ही ऑर्डरमध्येच लिहितो, सोमवार ते बुधवार, सकाळी अकराच्या आत, आणि सिक्युरिटीच्या काकांकडे लॅबचा नंबर चिकटवून ठेवलाय.

माझ्याकडून ए-११०२९ ला पाचपैकी पाच, रॅट आणि माऊस एकत्र लावणाऱ्यांसाठी. ज्यांना एकच प्रायमरी लावायची त्यांनी एवढे पैसे घालू नयेत. आणि कुठल्याही कंपनीची घ्या, आल्या आल्या लॉट नंबर वहीत लिहा आणि त्या तिसऱ्या कव्हरस्लिपवर, म्हणजे रॅट प्रायमरी आणि फक्त अँटी-माऊस, आधी नजर टाका. जुन्या बाटलीवर आम्ही लाल मार्करने "रॅटसोबत नाही" असं लिहून ती फ्रीजच्या दारात ठेवलीये, एकट्या माऊस प्रायमरीला ती अजूनही वापरतो, तिथे ती व्यवस्थित चालते.